बंद विहिरीतला आवाज : एका भयकथेच्या संपादनाचं प्रकरण

पार्श्वभूमी

मी एका छोट्या दिवाळी अंकाची संपादक आहे. आमच्याकडे दरवर्षी एक दीर्घकथा असते, आणि ती शक्यतो भयकथा असावी असा माझा आग्रह असतो. दिवाळी अंकातली भूतं वाचतच मी वाचक झाले. इथे मांडते आहे ते प्रकरण अशाच एका दीर्घकथेचं. लेखकाच्या आणि आमच्या मुद्रितशोधक काकूंच्या संमतीने लिहिते आहे, पण नावं, अंक आणि वर्ष देत नाही.

लेखक मूळचा नाशिकचा, तिशीतला इंजिनिअर, नोकरीनिमित्त ऱ्हाइन नदीच्या जर्मन काठावरच्या एका गावात राहणारा. नदीच्या पलीकडे फ्रान्समधलं स्ट्रासबुर्ग. एरवी तो शनिवार-रविवारी पूल ओलांडून तिकडे भटकायला जायचा. २०२०च्या मार्चमध्ये सरहद्दीवरची ये-जा बंद झाली आणि तो काठावर बसून समोरच्या शहराकडे बघत राहिला. त्या शहरात ज्यूंची गल्ली आहे. ‘जळालेली गल्ली’ अशा नावाचा एक रस्ताही आहे आणि त्या नावाचा संबंध १३४९मध्ये, युरोपातल्या प्लेगच्या काळात, तिथल्या ज्यूंना जाळलं त्या घटनेशी जोडतात. साथीच्या त्या दिवसांत त्याने त्या सालाबद्दल मिळेल ते वाचलं आणि एक भयकथा लिहायला घेतली. बारा-तेरा हजार शब्दांची कथा त्याने मेमध्ये माझ्याकडे पाठवली.

कथा अशी होती. हान्स हा थडगी खणणारा तरुण. फेब्रुवारीच्या थंडीत एका रात्री त्याला चौकातल्या विहिरीवर कमरेपासून खाली ओली असलेली एक आकृती दिसते. ती थैलीतलं काहीतरी पाण्यात सोडते. सकाळी त्या पाण्यावर जगणाऱ्या घरात गाठी उठतात, काखेत आणि जांघेत, आणि तिसऱ्या दिवशी घर रिकामं होतं. हान्स पाळत ठेवतो. आकृती एका मेलेल्या ज्यू सावकाराची निघते. शहर पिसाळतं, जिवंत ज्यूंना जाळतं, आणि शेवटी हान्सच्या लक्षात येतं की विहिरीवरची आकृती अजून येतेच आहे.

गोष्ट चांगली लिहिली होती. त्यात एक वाक्य होतं : ‘पोहरा वर आला तेव्हा तो रिकामा होता, पण जड होता.’ हे वाक्य वाचून मी त्याच रात्री त्याला होकार कळवला. एका चांगल्या वाक्यावर कथा घ्यायची माझी जुनी सवय आहे.

आधी दिसलेल्या चुका

पहिल्या वाचनात सापडलं ते वरवरचं होतं. हान्सची आई बटाट्याचं सूप करत होती. बटाटा युरोपात पोचला तो कोलंबसाच्या सफरींनंतर, म्हणजे या कथेनंतर दीडशे वर्षांहून अधिक काळाने. कॅथीड्रलचा उंच सुळका चांदण्यात चमकत होता. तो १४३९मध्ये पुरा झाला. १३४९मध्ये तिथे काम चालू होतं, सुळका नव्हता. वैद्य पक्ष्याच्या चोचीचा मुखवटा घालून फिरत होता. आज प्लेग म्हटलं की डोळ्यांसमोर हाच मुखवटा येतो, पण तो सतराव्या शतकातला आहे. उंदीर पटापट मरून पडत होते आणि ते बघून लोक घाबरत होते. ही आठवण आपली आहे, १८९६च्या मुंबईची आणि १८९७च्या पुण्याची. ‘उंदीर पडले’ म्हटलं की आपल्या आजी-पणजीच्या पिढीने गाव सोडून रानात झोपड्या बांधायला घेतल्या. उंदरावरच्या पिसवांमधून रोग पसरतो, हे पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने १८९८मध्ये कराचीत दाखवलं. १३४९चा हान्स मेलेला उंदीर बघून पायाने बाजूला सारेल आणि पुढे जाईल.

लेखकाने आठवड्याभरात हे सगळं दुरुस्त केलं. मी चित्रकाराला कथेचा गोषवारा पाठवला आणि कथा जुळणीला दिली. आमच्या दृष्टीने काम झालं होतं.

खरी अडचण

आमचं मुद्रितशोधन एक निवृत्त शिक्षिका करतात. अंकात सगळे त्यांना काकू म्हणतात. त्या ठाण्याला राहतात. घराणं अलिबागकडचं, बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू. कोकणात या लोकांना ‘शनवार तेली’ म्हणत. पिढ्यान्‌पिढ्या तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून. शनिवार हा ज्यूंच्या विश्रांतीचा दिवस, त्या दिवशी काम करायचं नाही आणि विस्तवही पेटवायचा नाही. काकूंची मराठी माझ्यापेक्षा चांगली आहे आणि ऱ्हस्व-दीर्घाच्या बाबतीत त्या कुणालाच सोडत नाहीत. पण मजकुराबद्दल त्या कधी बोलत नाहीत. ‘ते तुमचं काम,’ असं म्हणतात.

या वेळी मुद्रितांबरोबर पेन्सिलीने लिहिलेल्या दोन टिपा आल्या.

पहिली टीप एका छोट्या प्रसंगापाशी होती. ज्यूंना पकडायला लोक येतात त्या सकाळी सावकाराची म्हातारी बायको चूल पेटवत असते. काकूंनी लिहिलं होतं : ‘पान ३वर तुम्हीच म्हटलं आहे की १४ फेब्रुवारी १३४९ला शनिवार होता. शनिवारी ही बाई विस्तव पेटवणार नाही.’

दुसरी टीप भूत ओळखलं जातं त्या पानावर होती : ‘भूत खरं असेल, तर साक्ष खरी ठरते. मग जाळणारे बरोबर होते का?’

हे वाचून मी बराच वेळ काहीच करू शकले नाही. कथेत जाळपोळ क्रूर म्हणूनच रंगवली होती, वाचताना वाईट वाटत होतं, त्यामुळे सगळं ठीक आहे असं मी धरून चालले होते. कथेची भाषा ज्यूंच्या बाजूने होती. पण कथेची रचना काही वेगळंच सांगत होती.

इथे इतिहास थोडा सविस्तर सांगायला हवा, कारण सगळी अडचण त्यातच आहे. १३४७च्या शरदात साथ जहाजांमधून सिसिलीतल्या मेसिना बंदरात उतरली आणि १३४८मध्ये युरोपभर पसरली. रोग कशाने येतो हे कुणालाच माहीत नव्हतं. पॅरिस विद्यापीठातल्या वैद्यांनी शनि, गुरू आणि मंगळ यांच्या १३४५मधल्या युतीकडे बोट दाखवलं. सामान्य लोकांमध्ये मात्र अफवा उठली की ज्यू विहिरींत विष टाकतात. १३४८च्या सप्टेंबरात जिनिव्हा सरोवराकाठच्या शियों किल्ल्यात काही ज्यूंचा छळ करून कबुलीजबाब घेतले गेले. त्यात विषाची थैली होती, विहिरींची नावं होती. हे जबाब एका शहरातून दुसऱ्या शहरात पाठवले गेले. आविन्योंहून पोप क्लेमेंट सहावा याने त्याच वर्षी फर्मानं काढून सांगितलं की साथीत ज्यूही मरत आहेत आणि जिथे एकही ज्यू नाही तिथेही साथ आहे, तेव्हा हा आरोप टिकत नाही. त्याचं कुणी ऐकलं नाही.

स्ट्रासबुर्गच्या नगरसभेने सुरुवातीला ज्यूंना संरक्षण दिलं. जानेवारी १३४९मध्ये बेनफेल्ड इथे बैठक झाली. तिथे शहराच्या प्रतिनिधींनी सांगितलं की आमच्या ज्यूंमध्ये आम्हाला काही वाईट आढळलेलं नाही. त्यांना उलट विचारलं गेलं : मग तुम्ही तुमच्या विहिरी बंद करून पोहरे का काढून ठेवले? फेब्रुवारीत कारागिरांच्या संघांनी ती नगरसभा उलथवली आणि नव्या सभेने शनिवारी, १४ तारखेला, ज्यूंना त्यांच्याच दफनभूमीत लाकडी माच्यावर जाळलं. बखरकाराने दोन हजारांचा आकडा दिला आहे. ज्यांनी बाप्तिस्मा घेतला त्यांना वगळलं. लोकांनी ज्यूंकडे गहाण ठेवलेल्या वस्तू आणि कर्जाचे कागद त्यांना परत मिळाले, रोकड कारागिरांमध्ये वाटली गेली. ज्यूंचा जीव पैशाने घेतला, असं त्याच बखरकाराने नोंदवून ठेवलं आहे.

या सगळ्यात एक तपशील फार महत्त्वाचा आहे. १४ फेब्रुवारीला स्ट्रासबुर्गमध्ये साथ आलेलीच नव्हती. ती आली त्यानंतर, उन्हाळ्यात.

आमच्या कथेत मात्र फेब्रुवारीतच गाठी उठत होत्या, विहिरीत विष होतं, थैलीसुद्धा होती, आणि ती थैली एका ज्यूच्याच हातात होती. छळाखाली वदवून घेतलेला जबाब लेखकाने नकळत शब्दशः खरा करून टाकला होता. वास्तववादी कादंबरीत लेखकाला पुरावा द्यावा लागतो. भयकथेत भूत दिसलं की तोच पुरावा.

लेखकाशी बोलणं

मी त्याला फोन केला. तो दुखावला. ‘ताई, मी त्यांच्याच बाजूने लिहिलंय. शेवटी जाळणारे गुन्हेगार ठरतात ना?’

‘ठरतात रे. पण क्रूर म्हणून. खोटे म्हणून नाही.’

तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, सावकार दुष्ट दाखवताना आपल्याला ज्यू डोळ्यांसमोर नव्हतेच, डोळ्यांसमोर आपल्याकडचा सावकार होता. मला हे पटलं. मराठी ग्रामीण कथेत सावकार आला की त्याचं पुढे काय होणार हे वाचकाला ठाऊक असतं. त्याने सुप्याचं उदाहरणही दिलं. मे १८७५मध्ये भीमथडी तालुक्यातल्या सुपे गावात शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे जाळले होते. मी त्याला म्हटलं, सुप्याच्या लोकांनी कागद जाळले. बहुतेक ठिकाणी माणसांच्या अंगाला फारसा हात लावला नाही. शिवाय त्या कर्जामागे शेतसारा, पडलेले कापसाचे भाव, कोर्टाचे हुकूमनामे अशी खरी साखळी होती. स्ट्रासबुर्गच्या ज्यूंना कारागिरांच्या संघांत प्रवेश नव्हता, ख्रिस्ती माणसाने ख्रिस्ती माणसाकडून व्याज घेणं धर्माने निषिद्ध होतं, म्हणून व्याजाचा धंदा त्यांच्या वाट्याला आला होता आणि राहण्याबद्दल त्यांच्याकडून वर पैसेही घेतले जात होते. आपल्या साहित्यातला एक तयार खलनायक उचलून तिथे नेऊन बसवला, की तो तिथे वेगळ्याच बाजूने लढायला लागतो.

समोरचे पर्याय

जूनचा शेवट होता. कथा मागे घ्यायची तर आम्हाला सोळा पानं दुसऱ्या मजकुराने भरायला लागली असती. तरीही आम्ही तोही विचार केला.

भूत काढून निव्वळ ऐतिहासिक कथा करावी, असं लेखकच म्हणाला. मी नको म्हटलं. भयकथा या प्रकाराने चूक केली नव्हती, आमच्या कथेने केली होती. शिवाय त्या काळचे लोक मेलेल्यांना भीतच होते. बाराव्या शतकातल्या न्यूबरोच्या विल्यमच्या इतिहासात थडग्यातून उठून फिरणाऱ्या आणि श्वासाने साथ पसरवणाऱ्या मुडद्यांच्या हकिगती आहेत. जर्मन मुलखात कबरीत कफन चावणाऱ्या प्रेतांवर विश्वास होता. ते चावत राहिलं की मागे राहिलेले एकेक मरतात, अशी समजूत होती. भूत काढून टाकलं असतं तर त्या माणसांची अर्धी भीती काढून टाकल्यासारखं झालं असतं.

दुसरा पर्याय मला जास्त मोहवत होता : कथा पुण्यात आणायची, १८९७मध्ये. घरझडत्या, छावण्या, २२ जूनला रँडवर झालेला हल्ला, रुग्णांची सेवा करताना मार्चमध्येच गेलेल्या सावित्रीबाई. वाचकाला सगळं ओळखीचं. आता वाटतं, तो मोह अंकाच्या सोयीचा होता. ही कथा एका बंद विहिरीतून आणि एका शनिवारातून उगवली होती. पुण्याच्या प्लेगची भीती वेगळ्या जातीची आहे, ती वेगळी कथा मागते.

तिसरा पर्याय शहराला नाव न देण्याचा आणि ज्यूंचा उल्लेखच टाळण्याचा. हा सगळ्यात सोपा होता. मी काकूंना विचारलं. त्या एवढंच म्हणाल्या, ‘म्हणजे ते तिथे नव्हतेच, असं?’ हा पर्याय तिथेच संपला.

उरला तो चौथा. भूत ठेवायचं, पण कशाचं कारण कोण हे उलटं करायचं.

दुसरा खर्डा, आणि तीच चूक पुन्हा

जुलैच्या मध्यावर नवा खर्डा आला. आता फेब्रुवारीत साथ नव्हती, विहिरीवर कुणी नव्हतं, हान्सने खोटी साक्ष दिली होती. शनिवारी ज्यू जाळले जातात. उन्हाळ्यात ते परत येतात, दारोदार जातात, आणि ज्या दाराला हात लावतात त्या घरात गाठी उठतात. सूडकथा. वाचताना अंगावर काटा येत होता, आणि मी सुटल्यासारखी होऊन त्याला ‘जमलं’ असं कळवलंही.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा करताना लक्षात आलं की साथ अजूनही ज्यूच पसरवत आहेत. आधी जिवंतपणी, आता मेल्यावर. आरोप फक्त चार महिने पुढे सरकला होता. वर, प्लेगने मेलेल्या लहान मुलांचा मृत्यूही त्यांच्याच खात्यावर जमा झाला होता.

‘जमलं’ म्हटल्यावर चोवीस तासांत ‘नाही जमलं’ म्हणणं मला फार जड गेलं. हा सगळ्यात अवघड टप्पा होता. लेखक दमला होता. एका कथेसाठी किती, असं त्याला वाटणं साहजिक होतं. मी त्याला एकच अट लिहून पाठवली : साथीचं कारण कथेतल्या कुठल्याही मेलेल्या माणसापाशी जाता कामा नये. साथ नदीवरून, गाड्यांमधून, धान्याच्या पोत्यांमधून, तिच्या वाटेने येईल. मेलेले येतील ते दुसऱ्या कामासाठी. ते काम कोणतं, हे तू शोध.

तिसरा खर्डा

त्याने शोधलं, आणि त्याचं श्रेय पूर्ण त्याचं आहे. उत्तर बेनफेल्डच्या त्या प्रश्नात होतं : विहिरी बंद का केल्या, पोहरे का काढले? ज्यूंचा बचाव करणारेही आतून घाबरले होते. नव्या खर्ड्यात चौकातली विहीर फळ्या ठोकून बंद आहे, पोहरा वखारीत टांगलेला आहे. हान्स नव्या नगरसभेपुढे शपथेवर सांगतो की मी रात्री विहिरीवर थैली घेतलेला माणूस पाहिला. त्याबदल्यात त्याला गहाण पडलेला आईचा लोकरी झगा परत मिळतो. मग तो शनिवार येतो. म्हातारीच्या घरात चूल थंड आहे. काकूंच्या पहिल्या टिपेतून हे दृश्य उभं राहिलं : त्या गल्लीत त्या दिवशी एकाही घरात विस्तव नाही, आणि शहरात पेटलेला विस्तव सगळा दुसऱ्यांनी पेटवलेला आहे.

त्या रात्रीपासून बंद विहिरीतून पोहरा सोडल्याचा आवाज येतो. हान्स फळीला कान लावतो. आतून कुणीतरी बोलत असतं, आणि तो आवाज हान्सचा स्वतःचा असतो. साक्षीतलं वाक्य, जसंच्या तसं, दर रात्री एकदा. भूत नवीन काहीही बोलत नाही, कुणाला शाप देत नाही, कुणाला मारत नाही. हळूहळू शहरातल्या इतर बंद विहिरींतूनही आवाज यायला लागतात, आणि प्रत्येक जण आपापली विहीर ओळखतो. उन्हाळ्यात खरी साथ येते. ती हान्सच्या आईलाही नेते, तिच्या अंगावर तो झगा असताना. विहिरीचा त्याच्याशी काही संबंध नसतो, आणि हेच हान्सला सहन होत नाही. संबंध असता तर त्याची साक्ष खरी ठरली असती. तो फळ्या उचकटतो, वखारीतला पोहरा आणून आत सोडतो. पोहरा वर येतो तेव्हा रिकामा असतो, पण जड असतो.

पहिल्या खर्ड्यातलं ते वाक्य आता कथेच्या शेवटी गेलं. आधी ते फक्त भीती दाखवायचं. आता त्या पोहऱ्यात काय आहे, हे वाचकाला कळत होतं.

भाषेचे आणि चित्राचे निर्णय

पहिल्या खर्ड्यात ‘खवीस’, ‘मुंजा’ असे शब्द होते. ते काढले. मुंजा म्हटलं की पिंपळ आणि सोडमुंज न झालेला मुलगा मागे येतो. तो स्ट्रासबुर्गच्या विहिरीवर बसत नाही. विहीर म्हटल्यावर आपल्या वाचकाच्या मनात साती आसरा येणारच, ते टाळता येणार नव्हतं. पण निदान आपण तो शब्द उच्चारायचा नाही असं ठरलं. आकृतीला नावच द्यायचं नाही, फक्त ‘आवाज’. रोगासाठी ‘प्लेग’ हा शब्दही कथेत कुठे नाही. हान्स ‘मरी’ म्हणतो आणि ‘गाठ आली’ म्हणतो. दोन्ही शब्द आपल्या भाषेत या रोगासाठी आधीपासून आहेत.

कथेचा आरंभ लेखकाने एका शिंगाने केला होता. ज्यूंनी संध्याकाळी शहराबाहेर पडावं म्हणून फुंकायचं ते शिंग. ते खरं आहे. नंतरच्या शतकांत स्ट्रासबुर्गमध्ये ज्यूंना रात्री राहायला मनाई होती आणि ही प्रथा फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळापर्यंत चालली. पण १३४९च्या फेब्रुवारीत ते वाजवण्याला अर्थ नव्हता. ते तिथून काढून चार ओळींच्या उत्तरभागात नेलं : हान्स मेला, त्याला ओळखणारे मेले, आणि दर संध्याकाळी शिंग वाजत राहिलं.

चित्राच्या बाबतीत चूक माझी. पहिल्या खर्ड्याचा गोषवारा मी घाईने दिला होता आणि त्यात मुखवट्याचा उल्लेख राहून गेला होता. चित्रकाराने चोचवाल्या वैद्याचं देखणं पूर्ण पान काढून दिलं. ते वापरता येत नव्हतं. त्याचं मानधन दिलं, आणि नवं चित्र काढून घेतलं : भिंतीवरच्या खुंटीला टांगलेला पोहरा, त्याचा दोर गुंडाळलेला. बाकी काही नाही.

परिणाम

अंक वेळेवर निघाला. कथेबद्दल पत्रं बरीच आली आणि ती दोन टोकांची होती. काहींना भूत ‘दिसलंच नाही’ म्हणून फसवल्यासारखं वाटलं. एका वाचकाने लिहिलं की आठ दिवस ते नळ सोडायच्या आधी क्षणभर थांबत होते. काकूंनी छापील अंक वाचून फोन केला. एक अनुस्वार राहिल्याचं सांगितलं, आणि मग म्हणाल्या की कथा बहिणीला वाचायला दिली आहे. त्या कधी कुणाला आमचा अंक देत नाहीत.

एक गोष्ट मात्र बिघडली. जाहिरातीसाठी आम्ही कथेतला एक उतारा व्हॉट्सॲपवर पाठवला होता. मी निवडलेला उतारा हान्सच्या साक्षीचा होता, कारण तो सगळ्यात पकड घेणारा होता. कुणीतरी वरचं ‘दीर्घकथा’ आणि खालचं अंकाचं नाव कापून तो पुढे धाडला. पंधरा दिवसांनी तो माझ्याकडेच एका ओळखीच्या गटातून परत आला, वर मथळा : ‘इतिहासात दडवलेलं सत्य’. एका थडगी खणणाऱ्याची खोटी साक्ष, पावणेसातशे वर्षांनी, मराठीत, खरी म्हणून फिरत होती. आम्ही खुलासा पाठवला. तो मूळ उताऱ्याइतका लांब गेला नाही.

आज पुन्हा करायचं झालं तर

उतारा वेगळा निवडेन. थंड चुलीचं दृश्य निवडेन, ते कुणी कसंही कापलं तरी खोटं ठरत नाही. खोट्या साक्षीचा भाग कथेच्या बाहेर एकटा सोडणार नाही.

काकूंकडे कथा मुद्रितं झाल्यावर नव्हे, पहिल्याच खर्ड्याला पाठवेन, आणि फक्त ऱ्हस्व-दीर्घासाठी नाही. मजकुराबद्दल त्या बोलत नाहीत, हे मी इतकी वर्षं त्यांचा स्वभाव म्हणून मान्य केलं होतं. त्यांना कधी विचारलं नव्हतं, हे जास्त खरं आहे. अर्थात, एका समाजाच्या माणसावर त्या समाजाविषयीच्या प्रत्येक मजकुराची चौकीदारी टाकणंही बरोबर नाही. काकूंनी ती टीप लिहायला किती वेळ घेतला असेल, हे मी नंतर विचारलं. त्या म्हणाल्या, ‘मुद्रितं तीन दिवस टेबलावर ठेवली होती.’ तो प्रश्न आधी मला पडायला हवा होता. आता अलौकिक घटना असलेली कुठलीही ऐतिहासिक कथा आली की मी वाचून झाल्यावर समासात लिहिते : या कथेतलं भूत खरं मानलं तर त्या काळातल्या कुणाचं म्हणणं खरं ठरतं?

दुसऱ्या खर्ड्याला मी घाईने दिलेलं ‘जमलं’ही टाळेन. अंगावर काटा आला की मला निर्णय घ्यायची घाई होते. निदान एक रात्र जाऊ द्यायला हवी.

एक गोष्ट अजून सुटलेली नाही. कथेत ज्यू माणसं फार थोडी बोलतात. म्हातारीला तीन वाक्यं आहेत, बाकी सगळं हान्सच्या कानांनी ऐकलेलं. लेखकाचं म्हणणं, गुन्हेगाराच्या डोक्यात राहिल्यामुळेच कथा घट्ट झाली आहे. मला ते पटतं आणि तरी ती तीन वाक्यं कमी वाटतात. आता या कथेचं पुस्तक करायचं ठरतं आहे आणि त्याने एक नवं प्रकरण लिहायला घेतलं आहे : शुक्रवारची संध्याकाळ, दिवे लागलेले, आणि म्हातारी शेजारणीशी बोलते आहे. त्याने ते पहिल्यांदा काकूंना पाठवायचं, मला नंतर, असं आमचं ठरलं आहे. काकू सध्या लेकीकडे इस्राएलला आहेत, मार्चमध्ये येतील. पुस्तक तोवर थांबलं आहे.